लग्नाला पंधरा दिवस उरलेत म्हणून चेहऱ्याला काहीही फासू नका, या चुका टाळा

नाशिकला पंचवटीत माझं छोटं पार्लर आहे, 14 वर्षं झाली, आणि लग्नसराई जवळ आली की रोज एक तरी मुलगी येऊन म्हणते ताई पंधरा दिवसांत चेहरा क्लिअर करून द्या ना. मी आधी तिला दाराशी उजेडात उभी करते, चेहरा नीट बघते आणि विचारते, घरी काय लावतेस? खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मागच्या फेब्रुवारीत, द्राक्षाचा सीझन ऐन भरात होता, दिंडोरीकडच्या एक वहिनी आल्या. दोन्ही गालांवर वांग, म्हणजे काळपट चट्टे, त्यावर कातडी लालसर आणि तकतकीत, बारीक शिरा दिसतायत, हनुवटीवर लव वाढलेली. पर्समधून ट्यूब काढली, मागून गुंडाळत गुंडाळत आणलेली, नाव अर्धं पुसलेलं. जावेने सांगितली, मेडिकलमधून आणली, आठ महिने लावतेय, बंद केली की आग होते म्हणाल्या. लेबलवर लाल उभी रेघ होती आणि बारीक अक्षरांत मोमेटासोन. म्हणजे स्टिरॉइड.

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी रोज बघते. स्टिरॉइडने सूज दबते, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आठवड्याभरात चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो आणि माणसाला वाटतं मिळालं एकदाचं औषध. पुढे कातडी पातळ होते, पिंपल्स येतात, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं आणि बंद केली की सगळं दुपटीने उसळतं म्हणून परत तीच ट्यूब. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावायचं नाही. 2018 मध्ये सरकारने अशा क्रीम्स शेड्युल एचमध्ये टाकल्यात, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायलाच नकोत, तरी मिळतात. डॉक्टर वांगासाठी कधी कधी स्टिरॉइड असलेली क्रीम देतात पण ती मोजून काही आठवड्यांपुरती. आणि बरेच महिने लावत असाल तर हे वाचून आजच फेकू पण नका, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू सोडवतात.

वांगाबद्दल अजून एक. वांग म्हणजे मळ नाही की घासून निघेल. ऊन, प्रेग्नन्सी, हार्मोनच्या गोळ्या, घराण्यातच असणं, अशी कारणं असतात, त्यामुळे स्क्रब आणि ब्लीच करून ते अजून गडद होतं. आपल्याकडे गंगापूर रोडला गाडीवर निघालेली प्रत्येक मुलगी डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधते आणि म्हणते मला सनस्क्रीन कशाला. पण पातळ ओढणीतून ऊन येतंच. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या पुढचं घ्या, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. बहुतेक जणी हरभऱ्याएवढं लावतात आणि म्हणतात फरकच नाही पडला. वांग असेल तर टिंट, म्हणजे त्वचेसारखा हलका रंग असलेलं घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेडही अडवतं. मळ्यात काम करणाऱ्या बायकांनी तर हे कराच, सोबत रुंद काठाची टोपी.

पिंपल्स फोडू नका हे सगळ्यांना माहितीये तरी सगळे फोडतात. आपल्या रंगाच्या त्वचेवर फोडलेल्या पिंपलचा काळा डाग महिनोन् महिने राहतो, पिंपल चार दिवसांत गेला असता. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांनी कातडी भाजते, बास. औषधाला 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात, आणि रात्री लावायची रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीची) क्रीम असेल तर पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढी, सुरुवातीला एक दिवसाआड. बाळाचा विचार चालू असेल तर ती नकोच, डॉक्टरला तसं सांगा. बेंझॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर उशीला जुना अभ्रा घाला, रंग उडतो त्याने. आणि पाळी पुढेमागे होतेय, हनुवटीवर जाड केस येतायत, तर आधी पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन बिघाडाची तपासणी, केस काढायचं लेझर नंतर. नाहीतर पैसे जातात आणि केस परत येतात.

डोळ्यांखालच्या काळेपणाला बटाट्याच्या चकत्या ठेवून काही होत नाही. कुणाचा रंगच तसा असतो, कुणाला खोलगटपणामुळे सावली पडते, कुणी ॲलर्जीने डोळे चोळतं, आणि तिघांचा इलाज वेगळा.

आता क्लिनिकमधल्या ट्रीटमेंट. पील (केमिकलने वरची कातडी सोलतात ते), लेझर, बोटॉक्स (सुरकुत्यांचं इंजेक्शन), फिलर (खोलगट जागा भरायचं इंजेक्शन) हे पार्लरमध्ये करून घेऊ नका, मी स्वतः पार्लरवाली असून सांगतेय. आपल्या स्किनवर लेझर जोरात मारला तर डाग पडतो, वांग तर वाढूही शकतं. बोर्डावर नुसतं स्किन एक्स्पर्ट लिहिलं असेल तर डिग्री विचारा, स्किनमधली एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगाचा डिप्लोमा) आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर आहे का, विचारायला लाजू नका. गोरं करायचं म्हणून ग्लुटाथायोनची इंजेक्शनं नकोत, त्यासाठी त्याला मान्यताच नाहीये. बोटॉक्स लागू व्हायला तीन-चार दिवस लागतात, पूर्ण दिसायला दोन आठवडे, म्हणून लग्नाच्या महिनाभर तरी आधी करा, आणि बोटॉक्स केलं त्या दिवशी फेशियल मसाज अजिबात नाही.

पंधराच दिवस उरले असतील तर मी फक्त साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि थ्रेडिंग एवढंच करते. मुली रुसतात, चालेल मला. हळदीच्या दिवशी तोंड सोलवटलेली नवरी बघितलीये मी, आदल्या दिवशी पील करून आलेली.

आणि डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या, संपलेल्या, चपट्या झालेल्या पण. त्या वहिनींनी तसंच केलं, अर्ध्या पुसल्या नावावरूनच डॉक्टरांनी ओळखलं किती स्ट्राँग होती ते.