गोच्या अभ्यासाचं साहित्य कसं निवडावं

गो या जपानमध्ये बहरलेल्या पटावरच्या खेळाचा पट, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, नियम आणि नऊ बाय नऊच्या पटावर हरलेले पन्नासेक डाव एवढी शिदोरी तुमच्याकडे आहे, असं मी धरून चालते. नसेल तर आधी ती जमवा. नियम तिसऱ्यांदा समजावून सांगणारं पुस्तक मात्र घेऊ नका.

गो सुधारायचा आहे म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. सुरुवातीच्या मांडणीवर एक पुस्तक घ्या, कोपऱ्यातल्या जोसेकींवर (म्हणजे दोघांच्या ठरलेल्या खेळींच्या क्रमांवर) एक, मधल्या डावावर एक, शेवटाच्या हिशेबावर एक, म्हणजे अभ्यास कसा समतोल होतो. मी तो इमानेइतबारे पाळला. अकरा पुस्तकं जमली, आणि मी दोन वर्षं चौदा क्यूवरून हलले नाही. (नवख्यांसाठी: क्यू आणि दान या खेळाडूच्या श्रेणी. तीस क्यूपासून एक क्यूपर्यंत उतरत यायचं आणि मग पहिल्या दानापासून वर चढायचं. इथलं दान फाशाचं नव्हे, ते पडत नाही, मिळवावं लागतं.)

१. हरलेले दहा डाव काढा

शेवटचे दहा हरलेले डाव उघडा आणि प्रत्येकात डाव नेमका कुठे फिरला तिथे खूण करा. माझ्या दहांपैकी आठ डावांत उत्तर एकच निघालं: जगेल असं वाटलेला गट मेला, किंवा मरेल असं वाटलेला जगला. त्यात फुसेकीचा, म्हणजे सुरुवातीच्या मांडणीचा, काही दोष नव्हता. तुमची यादीही अशीच दिसत असेल, आणि दहा क्यूहून कच्च्या खेळाडूंची ती बहुधा अशीच दिसते, तर पुढची पायरी सोडून थेट तिसरीवर गेलात तरी चालेल.

२. जोसेकीचा कोश परत ठेवा

जोसेकी पाठ केली की ताकद दोन सोंगट्यांनी घटते, अशी या खेळातली जुनी म्हण आहे आणि ती अजून खरी आहे. पाठ केलेल्या अकराव्या खेळीला समोरचा भलतंच काही खेळतो, आणि त्याची चूक पकडायची कशी हे कोशात नसतं.

तरीही घ्यायचाच असेल तर छपाईचं साल बघा. २०१६च्या मार्चमध्ये सोलमध्ये अल्फागो या संगणक-प्रोग्रामने ली सेडोल या कोरियन दिग्गजाला ४-१ने हरवलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत कोपऱ्याचा विचारच पालटला. डावाच्या आरंभीच तीन-तीनच्या बिंदूवर (कोपऱ्यात दोन्ही कडांपासून तिसऱ्या ओळीवर) घुसणं हा पूर्वी अडाणीपणा समजला जायचा, कारण त्याने समोरच्याला बाहेर भक्कम भिंत मिळते. आज व्यावसायिक खेळाडू ते सर्रास खेळतात. त्याआधीची जोसेकीची पुस्तकं टाकाऊ झाली असं नाही, पण त्यातलं ‘हे वाईट’ आणि ‘हे उत्तम’ आता डोळे झाकून मानता येत नाही.

३. कोड्यांचं पुस्तक निवडा

खरी मेख इथे आहे. त्सुमेगो, म्हणजे गट जगतो की मरतो याची कोडी. ती जुनी होत नाहीत. चीनमध्ये चौदाव्या शतकात संकलित झालेल्या ‘शुआनशुआन चीजिंग’मधली कोडी आजही तशीच सोडवली जातात, दोन डोळ्यांचा नियम (गटाच्या पोटात दोन वेगळ्या मोकळ्या जागा असल्या की तो जगतो) कुठलाही संगणक बदलू शकलेला नाही. भाषेचीही अडचण नाही. जपानी, चिनी, कोरियन, कुठलंही चालेल. आकृती दिसते आणि काळ्याची खेळी आहे एवढं कळलं की झालं.

मग चुकतं कुठे? पातळीत. आणि चूक नेहमी एकाच बाजूला होते: आपण आपल्याला झेपेल त्याहून अवघड पुस्तक उचलतो, कारण सोपं उचलायला लाज वाटते.

माझी कथा सांगते. पंधरा क्यूवर असताना मी ‘इगो हात्सुयोरोन’ आणलं. १७१३ साली इनोउए घराण्याच्या प्रमुखाने, दोसेत्सु इनसेकीने, आपल्या शिष्यांसाठी रचलेली १८३ कोडी. व्यावसायिकांना घाम फोडणारा हा संग्रह. मला वाटलं, डोंगर चढलो की टेकड्या आपोआप सोप्या होतील. पहिल्या कोड्यावर तीन आठवडे घालवले. शेवटी उत्तर उघडलं तर ते का बरोबर आहे हेही कळेना. त्या तीन आठवड्यांत मी एकही कोडं सोडवलं नाही, फक्त एका आकृतीकडे बघत बसले. याला मेहनत म्हणतात असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

तेव्हा आधी स्वतःला हे विचारा. काळ्या गटाच्या पोटात एका रेषेत तीन जागा मोकळ्या आहेत. काय होईल? काळा मधे बसला तर दोन डोळे, गट जगला. पांढरा मधे बसला तर गेला. आता एका रेषेत चार जागा मोकळ्या. इथे काळ्याला काहीच करायला नको: पांढरा मधल्या दोनपैकी एका जागी आला की काळा दुसऱ्या जागी बसतो. आणि त्याच चार जागा चौकोनात असतील तर? मेला, काळ्याची पाळी असली तरी मेला. त्याने एक जागा भरली की उरतात वाकडे तीन, आणि पांढरा बरोबर त्यांच्या वळणावर जाऊन बसतो.

हे वाचताना क्षणभर जरी बोट हवेत फिरवावं लागलं असेल, तर तुमचं पुस्तक सर्वांत खालच्या पायरीचं. कानो योशिनोरी यांचा नवशिक्यांसाठीचा चार भागांचा श्रेणीबद्ध संग्रह प्रसिद्ध आहे. त्याच्या पहिल्या भागापासून लागा, मग क्यूचा आकडा काहीही असो. मी चौदा क्यूवरून मागे जाऊन पहिला भाग उघडला होता. दोन दिवस अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी एक चुकलं.

बाकीच्यांसाठी माझी कसोटी अशी. पुस्तक मधोमध उघडा. सलग दहा कोडी, प्रत्येकाला एक मिनिट, पटाला हात लावायचा नाही. पहिली खेळी सापडली म्हणजे कोडं सुटलं नाही. पूर्ण ओळ तोंडाने म्हणायची: मी इथे, तो तिथे, मी इथे, आणि तो तिथे न जाता पलीकडे गेला तर मी अमुक ठिकाणी. दहांपैकी आठ सुटली तर हेच पुस्तक रोजच्या सरावाचं. पाच ते सात सुटली तर हे यानंतरचं. पाचपेक्षा कमी असतील तर बंद करा.

यावर हमखास ऐकू येतं: ‘आठ सुटतात म्हणजे सोपंच की, त्यात शिकणार काय?’ अहो, शिकायचा आहे तो वेग. डावात ब्योयोमी चालू असते, तीस सेकंदांचं घड्याळ डोक्यावर असतं, आणि समोर कुणी ‘काळा जगतो’ असं लिहून ठेवलेलं नसतं. मिनिटभर लागतं ते कोडं पाच सेकंदांवर आणणं हा अभ्यास आहे. तासभर झटूनही न सुटणारं कोडं डावात कधी सुटणार नाही, त्यामुळे ते तूर्त तुमच्या कामाचं नाही.

पातळी जुळली की उत्तरांची पानं बघा. याकडे फार लोक दुर्लक्ष करतात, मीही केलं होतं. माझ्या एका पुस्तकात प्रत्येक कोड्याला एकच उत्तर-आकृती होती. मी पहिली खेळी ओळखायचे, आकृतीतल्या एक आकड्याशी ताडून बघायचे, बरोबरची खूण करायचे. पानामागून पानं बरोबर! मग एका डावात नेमका तोच आकार आला. मी दिमाखात हाने खेळले, म्हणजे समोरच्याच्या सोंगटीला वळसा घालणारी खेळी. पुस्तकाप्रमाणे त्याने अडवायला हवं होतं. त्याने अडवलं नाही, माझ्या डोळ्याच्या जागी एक सोंगटी बळी दिली. मला ती खावी लागली, खाल्ल्यावर डोळा लटका पडला आणि अकरा सोंगट्यांचा गट गेला. माझी पहिली खेळी बरोबरच होती. तिचं उत्तर मला कधी शोधावंच लागलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: ज्या पुस्तकात चुकीच्या खेळीला शिक्षा कशी होते हे दाखवलेलं नाही, ते घ्यायचं नाही. दर कोड्याला बरोबर उत्तराखेरीज फसलेल्या प्रयत्नाची निदान एक आकृती हवी, दोन असतील तर उत्तम. आणि एका आकृतीत पंधरा-वीस आकडे कोंबलेले असतील तर तेही नको. आकडे शोधण्यातच डोळे दुखतात आणि वाचन राहून जातं.

प्रकरणांची रचनाही बघा. ‘बळी देण्याची खेळी’ असं शीर्षक देऊन खाली तीस कोडी दिली, तर उत्तर शीर्षकातच सांगून टाकलं. एखादं तंत्र पहिल्यांदा शिकताना हे ठीक. सरावासाठी मात्र सगळं मिसळलेलं हवं, आणि शक्यतो फक्त ‘काळ्याची खेळी’ एवढंच लिहिलेलं. जगायचं आहे, मारायचं आहे, की को (एकच सोंगटी आळीपाळीने खाण्याची झुंज) लढवून निभावायचं आहे, हे ठरवणं हे निम्मं कोडं असतं.

मोबाइलवरची कोडी चालतात का? चालतात, पण दोन अटींवर. समोरून प्रत्येक वेळी सर्वांत चिवट उत्तर यायला हवं, आणि चुकीच्या फांदीवरही खेळ पुढे न्यायला हवा. पहिल्याच स्पर्शाला लाल फुली दाखवणारं ॲप तुम्हाला तुक्का शिकवतं. संशयित जागा तीन असतात, तिसऱ्या स्पर्शाला हिरवी खूण येते, आणि रात्री झोपताना वाटतं की आज चाळीस सोडवली. पूर्ण ओळ डोक्यात तयार होईपर्यंत बोट मागे ठेवायचं. हे जमत नसेल तर कागदावरचं पुस्तक घ्या, कागद खूण दाखवत नाही.

४. संगणकाला विचारा, पण उशिरा

काटागो हा गो खेळणारा प्रोग्राम २०१९पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि कुठल्याही माणसापेक्षा बलवान आहे. तो जिंकण्याची शक्यता सांगतो, शिवाय कोण किती गुणांनी पुढे आहे हेही दाखवतो, आणि तुम्हाला हा दुसरा आकडाच उपयोगाचा. डाव संपल्यावर आधी स्वतः बसून तीन चुका लिहा, मग तो सुरू करा. फक्त सर्वांत मोठ्या दोन-तीन घसरणी बघा. दीड गुणाची घसरण तुमच्या पातळीवर नगण्य आहे. दोन खेळींनंतर तुम्ही वीस गुण घालवणार आहात.

तो कारण सांगत नाही. म्हणून त्याची खेळी पाठ करण्याऐवजी तुम्हाला जी खेळी बरोबर वाटत होती ती त्याच्यासमोर खेळून बघा आणि तो तिला कसं चिरडतो ते पाहा. अल्फागोच्या दुसऱ्या डावातली ३७वी खेळी पाहून भारावलेले पंधरा क्यूचे कितीतरी खेळाडू तिच्यासारखं पाचव्या ओळीवर समोरच्याच्या सोंगटीच्या खांद्याशी, म्हणजे तिरक्या जागी, खेळायला जातात. तिसऱ्या ओळीवरचा त्यांचा गट तोवर श्वास मोजत असतो.

५. थोरांचे डाव

टीपा असलेलेच घ्या. नुसत्या खेळी उलटत गेलात तर करमणूक होते, अभ्यास नाही. जपानी खेळाडू शुसाकूचे (१८२९-१८६२) डाव नवशिक्यांना नेहमी सुचवले जातात आणि ते आहेतही नितळ, पण एक ध्यानात ठेवा: त्याच्या काळी कोमी नव्हती. पहिली चाल मिळाल्याबद्दल काळ्याला काही चुकवावं लागत नसे, त्यामुळे तो सावकाश, भक्कम खेळू शकायचा. आज काळ्याला जपानी नियमांत साडेसहा आणि चिनी नियमांत साडेसात गुण द्यावे लागतात. त्याचं वाचन शिका, त्याचा संथपणा उचलू नका.

६. व्हिडिओ

खेळीपूर्वी थांबून ‘तुम्ही कुठे खेळाल?’ असं विचारणारे, बस्स.

७. पुस्तक कधी बदलायचं

एका वेळी एकच कोड्यांचं पुस्तक. पहिल्या फेरीत चुकलेल्या कोड्यांवर पेन्सिलीने टिंब द्या. दुसऱ्या फेरीत सगळीच पुन्हा सोडवा, टिंब दिलेलीच नव्हेत, कारण आधी ‘सुटलेल्या’ काहींमध्ये तुमचा तुक्का लागलेला असतो आणि तो इथे उघडा पडतो. तिसऱ्या फेरीत पुस्तक उलटं धरा. कोपरा दुसऱ्या बाजूला गेला की ओळखीचा आकारही परका वाटतो, आणि तुम्ही उत्तर वाचून काढत होता की आठवत होता हे पाच मिनिटांत कळतं. उलट्या पुस्तकातही दहांतली नऊ पाच-पाच सेकंदांत सुटायला लागली, की कपाटातलं पुढचं पुस्तक काढा आणि मधोमध उघडून पुन्हा दहा कोड्यांची कसोटी घ्या.