आरमाराच्या लढाईवर फिल्म करताय? या चुका टाळा

अलिबागपासून मालवणपर्यंत गावोगावची मुलं आता लढाईच्या शॉर्ट फिल्म करू लागली आहेत. कुणाकडे ड्रोन आहे, कुणाच्या मामाची होडी आहे, आणि किल्ला तर दारातच उभा आहे. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण मराठी पडद्यावर लढाई म्हटलं की घोडे आणि घाट येतात, समुद्र क्वचितच येतो. पण गणपतीत मंडपात फिल्म लागते आणि पहिली तोफ उडून गेली की लोकांची चुळबुळ सुरू होते. करणारे म्हणतात, बजेट कमी पडलं. मला ते पटत नाही. दोष बहुतेक वेळा संहितेतच असतो. कोण बरोबर आणि कोण चूक हे लेखकाने पहिल्या पानाच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं, त्यामुळे नेमकं काय घडलं हे शोधायची त्याला गरजच वाटत नाही. राजकीय कल आणि कच्ची गोष्ट या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात खऱ्या, पण संहिता हातात घेतली की दोन्ही एकाच प्रसंगात सापडतात.

शत्रू आला, पण कशासाठी आला?

अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या लढाईवर लिहिलेल्या संहितांत इंग्रज कप्तान हमखास दात विचकत हसतो, मोडकं हिंदी बोलतो आणि मरतो. तो तिथे का आला होता, हे कुणी सांगत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या त्या बेटावर तटबंदी सुरू केली, कामावर मायनाक भंडारी होते. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. ज्याच्या हातात खांदेरी, त्याला मुंबईत येणारं-जाणारं प्रत्येक जहाज दिसणार. त्या वेळची मुंबई म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं तोकड्या फौजेचं ठाणं होतं, त्यामुळे इंग्रज घाबरले. हसणाऱ्या कप्तानाऐवजी हा घाबरलेला माणूस लिहा. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. त्याला घाई का झाली, हे एका मिनिटात दाखवलं तर बेटावरच्या भंडाऱ्यांची हिंमत आपोआप मोठी दिसते. समोरचा मूर्खच असेल तर त्याला हरवण्यात कसला पराक्रम?

याच मोहिमेत दुसरी चूक होते, आणि ती जास्त महागात पडते. १८ ऑक्टोबरला मराठी आरमार इंग्रजांवर तुटून पडलं आणि ‘डोव्हर’ ही त्यांची गुराब, म्हणजे तोफा असलेलं मोठं लढाऊ गलबत, पकडली. बहुतेक फिल्म इथे भगवा फडकवून संपतात. पण त्याच दिवशी ‘रिव्हेंज’ या इंग्रजी जहाजाने टिकाव धरला आणि मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली. हा भाग लेखक गाळतात, का तर ‘आपली माघार कशाला दाखवायची?’ अहो, खरी गोष्ट तर तिथून पुढे आहे! आमनेसामने मोठ्या जहाजाला बुडवता येत नाही म्हटल्यावर मराठ्यांनी काय केलं? वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान होड्या रात्री किनाऱ्याकिनाऱ्याने, उथळ पाण्यातून खांदेरीला पोचवल्या. माणसं, धान्य, दारूगोळा बेटावर जातच राहिला. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी डुलत राहायची. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतलं. अंधारात, एकही शब्द न बोलता वल्हवणारी माणसं, मागे पोती, समोर शत्रूच्या जहाजावरचा कंदील: यापेक्षा थरारक प्रसंग कुठल्याही बजेटमध्ये मिळणार नाही. माघार कापली की हा प्रसंगही जातो, कारण मग रात्री लपूनछपून जायचं कारणच उरत नाही.

दौलतखानाचं काय करायचं?

त्या आरमाराचे एक मुख्य सरदार दौलतखान. काही संहितांत ते गायबच असतात, कारण आजच्या भाषणांत ते नाव बसत नाही. ही सरळ सरळ इतिहासाची मोडतोड आहे. पण उलट टोकाची चूकही मी तितक्याच वेळा वाचली आहे. दौलतखान पडद्यावर येतात ते फक्त ऐक्यावर लांबलचक भाषण द्यायला, आणि भाषण झालं की पुन्हा दिसत नाहीत. दोन्हीकडे माणूस मेलेला, फक्त बाजू वेगळी. त्यांना काम द्या. कुठली गलबतं पुढे काढायची, भरती कधी लागते, जखमी खलाशी कुठे उतरवायचे, यावर त्यांना निर्णय घेऊ द्या आणि त्यांचं मायनाक भंडाऱ्यांशी एखाद्या बाबतीत जुंपूही द्या. प्रेक्षक माणसाला कामावरून ओळखतो.

जंजिऱ्याच्या सिद्दीचंही तेच. तो मोगलांच्या बाजूने लढत होता, खांदेरीशेजारची उंदेरी त्याने बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा डागल्या. म्हणजे तो समुद्र जाणणारा पक्का दर्यावर्दी होता. त्याला नुसता क्रूर दाखवलात तर जंजिरा एवढी वर्षं का पडला नाही, या पोरासोरांच्या प्रश्नालाही तुमच्या फिल्मकडे उत्तर नसेल.

विजयदुर्ग १७५६

या विषयावर फिल्म करायची म्हटलं की गटातच दोन तट पडतात. एकाला पेशव्यांची बाजू राखायची असते, दुसऱ्याला आंग्र्यांची. आणि मग गोष्टीऐवजी आरोपपत्र तयार होतं.

घटना अशी. कान्होजी आंग्र्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गाच्या खाडीत शिरली, बरोबर क्लाइव्हची फौज होती. एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी त्या आधी मराठी छावणीत बोलणी करायला गेले होते. किल्ला पेशव्यांच्या हाती परस्पर जाऊ नये म्हणून इंग्रजांनी घाई केली, आत सापडलेली संपत्ती आपसात वाटून घेतली आणि पेशव्यांना किल्ला मिळाला तो पुढे, बाणकोटच्या बदल्यात. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं.

आता दुरुस्ती. आज आपल्याला परिणाम ठाऊक आहे, म्हणून पात्रांनाही तो ठाऊक आहे असं लिहू नका. पेशव्यांचे कोकणातले कारभारी रामाजी महादेव यांच्यापुढे १७५५ मध्ये काय होतं? एक न ऐकणारा सरदार, स्वतःकडे अपुरं आरमार, आणि मदतीला तयार असलेली कंपनी. त्यांच्या तोंडी या जोरावर सौदा करणारा प्रसंग लिहा. मग तुळाजींच्या तोंडी तेवढ्याच जोराचा लिहा, कान्होजींनी उभं केलेलं आरमार दुसऱ्याच्या हुकमाखाली का द्यावं म्हणून. दोन्ही वाचताना तुमची बाजू बदलत असेल तर संहिता जमली. एक वाचताना रक्त तापतं आणि दुसरं वाचताना जांभई येते, असं झालं तर ते दुसरं पुन्हा लिहायला बसा. मला स्वतःला ते आरमार जळालं याचं दुःख आजही होतं. पण ते दुःख निवेदकाच्या आवाजात सांगण्यापेक्षा, ज्या सुताराने ती गलबतं बांधली त्याला तटावर उभं करून जळतं पाणी बघायला लावा.

तोफ भरायला वेळ लागतो

ही चूक राजकीय वाटत नाही, पण गोष्ट इथेही सुटते. फिल्ममध्ये तोफ उडते, लगेच पुन्हा उडते. प्रत्यक्षात नळी ओल्या बोळ्याने पुसायची, आतली ठिणगी विझली की दारूची थैली घालायची, मग गोळा, मग गजाने ठासायचं, छिद्रात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, भरायची आणि मगच बत्ती. हे सगळं गुराबेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोलत्या फळ्यांवर, धुराने डोळे चुरचुरत असताना. दोन बारांमधल्या या रिकाम्या वेळात माणसं काय करतात? कुणी देवाचं नाव घेतं, कुणी शेजारच्याला पाणी पाजतं, कुणाचा हात थरथरतो. पात्रं तिथे कळतात. तोफ सलग उडवली की ती वेळच जाते.

ऋतूचंही भान ठेवा. हिरवेगार कडे छान दिसतात म्हणून भर आषाढात आरमारी लढाई दाखवतात. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, हे आपल्याच गावात विचारलं तरी कळेल.

बोली आणि पैसे

गलबतावरचे गाबीत, भंडारी, कोळी, दालदी सगळे एकाच पल्लेदार नाटकी मराठीत बोलतात, ते बंद करा. तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आपल्या बोलीत शिवी हासडेल, हुकूम सोडेल, ते दोन शब्दांत असेल.

पैशांबद्दल एवढंच: पुढाऱ्याकडून देणगी घ्यायला हरकत नाही, पण संहिता वाचायला देऊ नका आणि निवडणुकीच्या तोंडावर फिल्म लावू नका. आभाराची पाटी शेवटी. एका गटाच्या फिल्ममध्ये देणगीदाराच्या आवडीची घोषणा सरदाराच्या तोंडी आली, आणि वाडीतले अर्धे लोक तिथेच उठून गेले. चार महिन्यांची मेहनत त्या एका वाक्यात गेली.

विजयानंतर

१७३९ मध्ये वसई घेताना मराठ्यांची अतोनात माणसं पडली. तरी चिमाजी अप्पांनी शरण आलेल्या पोर्तुगीजांना शस्त्रांसह, बायकामुलांसह मानाने बाहेर जाऊ दिलं. झेंडा चढतो तो क्षण सगळेच घेतात. आपले भाऊबंद गमावलेल्या शिपायांनी त्या बाहेर पडणाऱ्या रांगेकडे कसं पाहिलं असेल, हे घेणारी फिल्म मी अजून पाहिलेली नाही. कुणीतरी करा.

कच्चं संकलन झालं की संगीत चढवायच्या आधी ते दोन प्रकारच्या लोकांना दाखवा. एक, बंदरावरचे जुने खलाशी. दुसरे, निवृत्त फौजी. महाडजवळच्या फौजी आंबवड्यासारख्या गावात घरोघरी सैनिक आहेत, तुमच्या तालुक्यातही असतील. त्यांना मत विचारू नका, नुसते शेजारी बसा आणि ते कुठे ‘असं नसतं’ म्हणतात ते वहीत टिपा. बदल तेव्हाच करून टाका. एकदा ढोल-ताशा आणि तुतारी चढली की कुणालाच काही कापवत नाही.