अणुवीज हवी की नको : क्लेमवाल्या बाईचा हिशेब

घराच्या विम्याची पॉलिसी कपाटात असेल तर काढा आणि शेवटची दोन पानं वाचा. बारीक टायपात, युद्ध आणि परकीय आक्रमणाच्या शेजारीच एक कलम असतं : अणुइंधन किंवा अणुकचऱ्याच्या किरणोत्सर्गाने झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. पुण्यात विम्याच्या क्लेम विभागात मी तेहेतीस वर्षं काढली. हे कलम रोज नजरेखालून जायचं, पण त्याबद्दल एकाही ग्राहकाने कधी विचारलं नाही. (ग्राहक कलमं वाचतात ती क्लेम नाकारल्यावर.)

आता सहकारनगरात सोसायटीच्या कट्ट्यावर जैतापूरच्या, म्हणजे कोकणात राजापूर तालुक्यात होऊ घातलेल्या अणुप्रकल्पाचा विषय निघाला की निम्मी मंडळी ‘चेर्नोबिल’ म्हणून हात झटकतात आणि निम्मी ‘फ्रान्सकडे बघा’ म्हणतात (तिथली बहुतेक वीज अणूचीच). माझ्या धाकट्या जावेचं माहेर त्याच तालुक्यातलं, म्हणजे घरातही तेच. म्हणून मी क्लेमची फाईल तपासायची तशी एक वही केली. तुम्हालाही करता येईल.

पानाच्या वरच्या ओळीत लिहा : कशाच्या ऐवजी? ‘अणुवीज चांगली का’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोळशाऐवजी, की सोलरऐवजी, की वीजच कमी वापरायची? कोळशाचा हिशेब सोपा आहे. हजार मेगावॅटचं केंद्र दिवसभर पूर्ण चाललं तर २ कोटी ४० लाख युनिट होतात. आपल्याकडच्या कोळशाला युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम धरा. रोज साडेपंधरा हजार टन, म्हणजे चार मालगाड्या. त्यातली तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राख. तेवढ्याच अणुभट्टीला समृद्ध युरेनियमचं इंधन वर्षाला पंचवीस-तीस टन लागतं. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१४ साली खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून आकडे दिले, त्यात कोळशाला युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अणुविजेला १२. कोळशासमोर ठेवलं तर अणुवीज जिंकते, यात मला शंका उरली नाही.

सोलरच्या बाबतीत मात्र माझीच फजिती झाली. जैतापूरचा मूळ आराखडा १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा, एकूण ९,९०० मेगावॅट. ‘तेवढं सोलर लावा, विषय संपला,’ असं मी कट्ट्यावर ठणकावून सांगितलं. भाच्याने काही न बोलता सोसायटीचं वीजबिल पुढे केलं. आमच्या गच्चीवर १० किलोवॅटचं सोलर आहे. ते अखंड चाललं असतं तर महिन्याला ७,२०० युनिट झाले असते. उन्हाळ्यातल्या चांगल्या महिन्यात मिळतात १,२००. आषाढात तर विचारूच नका. तेव्हा मेगावॅटची तुलना मेगावॅटशी करू नका, वर्षाच्या युनिटची वर्षाच्या युनिटशी करा. आणि सोलरच्या खात्यात रात्रीच्या बॅटरीचा खर्चही धरा.

आता अपघात. क्लेममध्ये आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवायचो : किती वेळा होईल, आणि झालं तर किती जाईल. आग लागली एवढं ऐकून कोणी सर्व्हे रिपोर्ट लिहीत नाही, कशाने लागली ते पाहावं लागतं. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्रात ११ मार्च २०११ च्या भूकंपाने भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या होत्या. पण अणुभट्टी आमच्या जुन्या तांब्याच्या बंबासारखी असते. लाकडं ओढून घेतली तरी निखारे पाणी तापवतच राहतात. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते. मोठ्या भट्टीत ती दोनशे मेगावॅटच्या घरात जाते. ती काढायला पंप हवेत, पंपांना वीज हवी, आणि विजेचे डिझेल जनरेटर तळघरात. त्सुनामीचं पाणी तिथे शिरलं. एवढी उंच लाट येऊ शकते असा अंदाज केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी २००८ मध्ये काढला होता. त्यावर काही केलं गेलं नाही. म्हणून प्रकल्पाची बाजू मांडणारा भेटला की ‘भट्टी सुरक्षित आहे का’ असं विचारू नका. वीज गेली तर पंप कशावर चालतील, ती यंत्रं किती उंचीवर आहेत, आणि नको असलेला अहवाल आला तर तो कोणाच्या टेबलावर जातो, हे विचारा.

पुणेकराला हे नवीन नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी चार वर्षांची होते. नारायण पेठेतल्या आजीच्या वाड्यात भिंतीवर गाळाची रेघ होती. तिच्यावर चुना बसत नसे, दर दिवाळीला पोपडा निघायचा. तरी पानशेत पुन्हा बांधलं आणि आज आपण त्याचंच पाणी पितो. धरण परत बांधता आलं, पेठा परत वसल्या. फुकुशिमातून दीड लाखाहून जास्त माणसं हलवावी लागली आणि काही गावांना परतायला वर्षानुवर्षं लागली. त्या प्रांतात स्थलांतराच्या ओढाताणीत दोन हजारांहून अधिक माणसं दगावली. किरणोत्सर्गाने मेल्याचं जपान सरकारने एकाच कामगाराबाबत मान्य केलं. दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहा. एकच सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो.

किरणोत्सर्गाचा आकडा ऐकलात तर एकक विचारा. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका सीटी स्कॅनला सात-आठ. केंद्रामुळे सामान्य माणसावर पडणाऱ्या डोसची आपल्याकडची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. वापरलेलं इंधन पाण्याच्या टाक्यांत ठेवतात, पुढे त्यातला जहाल कचरा काचेत बंद करतात. खोल जमिनीत कायमचा पुरायची जागा भारतात अजून नाही. वापरलेल्या इंधनातल्या प्लुटोनियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, २४,००० वर्षं. हा रकाना मी रिकामाच ठेवते.

मला खरी काळजी आहे पैशाची आणि वेळेची, आणि त्यावर कट्ट्यावर कोणी बोलत नाही. जैतापूरला ज्या जातीच्या भट्ट्या बसवायच्या आहेत, तशीच एक फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलला २००७ मध्ये सुरू केली. २०१२ ला व्हायची होती. ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३३० कोटी युरोंवरून १,३२० कोटींवर. उलट तारापूरची ५४० मेगावॅटची चौथी भट्टी, आपल्याच लोकांची : मार्च २००० मध्ये काँक्रीट पडलं, मार्च २००५ मध्ये ती क्रिटिकल झाली, म्हणजे आत अणुविखंडनाची साखळी सुरू झाली. बारा वर्षं लांबलेल्या कर्जाचं व्याज शेवटी कोणाच्या बिलात येतं, ते घरकर्ज फेडलेल्या माणसाला सांगायला नको. माझ्या पानावर म्हणून तारापूरच्या जातीला होकार आहे आणि जैतापूरच्या आराखड्याला नकार.

शेवटचा रकाना : भरणार कोण? २०१० च्या कायद्याने केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटींवर थांबवली होती. त्यावरची भर सरकारची होती, तीही एका मर्यादेपर्यंत. २०१५ मध्ये विमा कंपन्यांनी मिळून तेवढ्याच रकमेचा निधी उभा केला. आता भागाकार करा. फुकुशिमाएवढी दीड लाख माणसं हलवावी लागली तर माणशी एक लाख रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला; त्यातला आकडा वर घाला, भागाकार तोच ठेवा.

हे पान मी गणपतीत जावेच्या भावाला दाखवलं. त्याची हापूसची कलमं आहेत. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, माणशी एक लाखावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, पण द्यायचे कोणाला? आमच्या सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यातले आठ मुंबईला, आणि पाच वारले.”

वहीत त्यासाठी नवीन रकाना आखला आहे.