नदीवर मासे आणि गळवाले मोजताय? या चुका टाळा

पाऊस लागला की हौशी मंडळी आणि कॉलेजची पोरं फॉर्म घेऊन गोव्यात मांडवी, झुआरी, शापोराच्या काठाला उतरतात, गळ टाकणाऱ्यांना गाठतात, मासे मोजतात आणि सीझन संपल्यावर एक्सेल उघडलं की काही म्हणता काही जुळत नाही. मेहनत कमी पडलेली नसते हो, वेळ चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घड्याळ लावून सर्वे करणं. रोज सकाळी ७ ते ९ त्याच जेटीवर बसलं की वाटतं किती शिस्तीत चाललंय, पण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज ७ ला भरती असेल तर आठवड्याने त्याच वेळी सुकती, म्हणजे ओहोटी. मग फॉर्मवर ‘चोणक (खाडीत-नदीत मिळणारा मोठा मासा) कमी झाला’ असं लिहून मोकळे! चोणक आहे तिथेच आहे, तुम्ही वेगळ्या पाण्यावर बसलात. गळवाला पाणी बघून येतो, तुम्हीही तसंच जा, आणि भरतीचा टप्पा आणि अमावस्या-पौर्णिमेपासून कितवा दिवस हे दोन रकाने फॉर्मवर असलेच पाहिजेत. पणजीचं टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) घेऊन मांडवीत वर गांज्याला जाऊ नका, तिथे भरती उशिरा पोचते.

दुसरी चूक रिकाम्या हातांची. कुणाला मोठा तामसो मासा गावला की सगळे तिकडे धावतात, फोटो काय, माप काय, आणि शेजारी तीन तास बसून काहीच न मिळालेला माणूस फॉर्मवर येतच नाही. त्याचा शून्य लिहायचाच, नाहीतर सरासरी फुगते. हिशोब माशांचा नाही, गळ-तासांचा: दोन गळ, तीन तास म्हणजे सहा. ज्याला बसून अर्धा तासही झाला नाही त्याचा आकडा कॅच रेटमध्ये, म्हणजे दर गळ-तासाला किती मासे यात, धरू नका. आणि काठाने फिरत फिरत विचारत असाल तर जास्त वेळ बसणारेच जास्त भेटणार हे लक्षात ठेवा. फक्त रविवारी जाणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

गेल्या गेल्या ‘किती मिळाले?’ विचारू नका, समोरच्याला वाटतं सरकारी माणूस आला. ‘बाब, आज पाणी कसं काय?’ म्हणा, पुढचं तोच सांगतो. खाजनाच्या (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर, तर जास्तच सांभाळून, तिथल्या मासेमारीचा लिलाव झालेला असतो, आणि तिथली जाळ्यातली मासळी गळाच्या शीटमध्ये घुसडायची नाही.

खारेपणा मोजताना वरचं पाणी बाटलीत भरून घेतलं की झालं असं नसतं. पावसात गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं जड म्हणून तळाला राहतं, मासा तळाला असेल तर वरच्या आकड्याचा काय उपयोग? दोन्हीकडचं घ्या.

काहीजण परदेशी सॅल्मनचा फॉर्म जसाच्या तसा उचलतात. सॅल्मन समुद्रातून नदीत वर चढून गोड्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून वर चढणारे मासे एका जागी मोजले की किती आले ते कळतं. आपला चोणक उलटा, वाढतो नदीत आणि अंडी घालायला खाली मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात जातो. त्यात तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे लांबी न लिहिता नुसते नग लिहिले तर अर्धी गोष्ट गेली. लांबी घेताना चोणकाची शेपटी गोल, तर टोकापर्यंत मापा, रावसाची मध्ये खाच असलेली, तर खाचेपर्यंतही मापा आणि कुठलं माप ते लिहा. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा, कोरड्या फडक्याने त्याचा बुळबुळीत थर निघून जातो.

कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे चिखलात उतरून स्टाइल मारायची नाही. आणि पावसात फॉर्म भरायला पेन नको, पेन्सिल.

आणि डेटा आधीच बिघडला असेल तर? तारीख-वेळ लिहिलेली असेल तर जुन्या टाइड टेबलावरून भरतीचा टप्पा मागाहून भरता येतो, एक संध्याकाळ जाईल पण सीझन वाचेल. शून्यवाले मात्र परत मिळत नाहीत, ती शीट लांबी आणि जातींसाठी वापरा, कॅच रेट त्यातून काढू नका.