टीव्हीची केबल घेताना या चुका टाळा: पॅकेटवरचा आकडा नंतर, आधी सॉकेट बघा

नवा मोठा टीव्ही भिंतीवर लागलाय, एचडी चॅनेलचे पैसे दर महिन्याला कापले जातायत, तरी बातम्या सांगणाऱ्या बाईंचा चेहरा पुसटच दिसतोय. अशी तक्रार असेल तर आधी टीव्हीच्या मागे डोकावून बघा. तिथे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना खोचलेल्या दिसल्या, तर टीव्हीला किंवा केबलवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

होतं असं, की टीव्ही बदलतो पण सेटटॉप बॉक्स तोच राहतो आणि त्याला लटकलेली जुनी वायरही नव्या टीव्हीत जाते. पिवळ्या पिनेतून फार तर ५७६ ओळींचं चित्र जातं. एचडी चॅनेलचं चित्र १०८० ओळींचं असतं. बॉक्सपर्यंत एचडी आलेलं चित्र शेवटच्या दीड मीटरमध्ये साधं होऊन बसतं. एचडी बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं चपटं सॉकेट असतंच. त्यात केबल लावा आणि रिमोटवर सोर्सचं बटण दाबून टीव्हीवर तेच सॉकेट निवडा. तरीही फरक पडला नाही, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ५७६ वर अडकलंय का ते बघा आणि १०८० करा. आणि हो, एकाच वाहिनीचे साधा आणि एचडी असे दोन क्रमांक असतात. घरातली मोठी माणसं वर्षानुवर्षांच्या सवयीने साधाच क्रमांक दाबतात. तिथे कुठलीच केबल काही करू शकत नाही.

जुना डीव्हीडी प्लेअर किंवा लग्नाच्या कॅसेटसाठी जपून ठेवलेला व्हीसीआर जोडायचा असेल, तर मात्र तीन रंगांची वायर लागतेच. गोची अशी की नव्या टीव्हीत ती तीन भोकं बऱ्याचदा नसतात. त्याऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि त्यासाठीची छोटी जोडवायर टीव्हीच्या खोक्यात येते. ती फेकू नका. बाजारात तशीच दिसणारी वायर मिळते, पण तिच्या पिनेवरच्या कड्यांचा क्रम प्रत्येक कंपनीत सारखा नसतो. चित्र येत नाही आणि स्पीकरमधून नुसती घरघर येते, तेव्हा हाच घोळ असतो. पिवळी पिन लाल भोकात घालून बघा, कधी कधी तेवढ्याने काम होतं. चित्र आलं पण काळं-पांढरं आलं, तर पिवळी पिन कंपोनंटच्या (चित्राचे तीन भाग वेगवेगळ्या भोकांतून नेणाऱ्या जोडणीच्या) हिरव्या भोकात गेली असेल. काही टीव्हींत हिरवं भोक दोन्ही कामांना चालतं. मग पिन तिथेच राहू द्या आणि सोर्समध्ये कंपोनंटऐवजी एव्ही (म्हणजे हीच तीन रंगांची जोडणी) निवडा.

एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला त्याच तीन रंगांच्या पिना, अशी एक वायर ऑनलाइन स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. एकीकडे डिजिटल, दुसरीकडे अॅनालॉग, आणि मधे भाषांतर करणारं काहीच नाही. अशा जोडणीला स्वतःचा वीजपुरवठा असलेली कन्व्हर्टरची डबी लागते आणि ती एकाच दिशेने चालते. एचडीएमआयमधून एव्हीत नेणारी वेगळी, एव्हीतून एचडीएमआयमध्ये नेणारी वेगळी. कॉम्प्युटरच्या निळ्या व्हीजीए सॉकेटचंही तसंच आहे. शिवाय व्हीजीएतून आवाज जातच नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

आता एचडीएमआयकडे वळू, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, गिऱ्हाईक काउंटरवर म्हणतं, "भाऊ, टू पॉइंट वनवाली द्या." पण २.० किंवा २.१ हा आकडा टीव्हीचा आणि बॉक्सचा. केबलची ओळख तिच्या वर्गाच्या नावाने होते. हाय स्पीड केबल सेकंदाला सुमारे १० गिगाबिट वाहून नेते, प्रीमियम हाय स्पीड १८ आणि अल्ट्रा हाय स्पीड ४८. सेटटॉप बॉक्सच्या १०८० ओळींच्या चित्राला पाच गिगाबिटही लागत नाहीत, म्हणजे घरात पडलेली जुनी हाय स्पीड केबल त्याला पुरते. सेकंदाला ६० फ्रेमचं फोर-के (१०८०च्या चौपट ठिपक्यांचं चित्र) दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग बॉक्सला १८ गिगाबिटची केबल घ्या. ४८ वाली लागते ती प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर फोर-केमध्ये १२० फ्रेमने खेळणाऱ्यांना, आणि तेही टीव्हीला ते झेपत असेल तर. बऱ्याच टीव्हींत असं सॉकेट एखाद-दुसरंच असतं. बाकीच्या सॉकेटमध्ये कितीही महाग केबल खोचा, फोर-केच्या १२० फ्रेम येणार नाहीत. प्रीमियम आणि अल्ट्रा केबलच्या पॅकेटवर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते स्कॅन करून बघायला लाजू नका. मोठ्या अक्षरात नुसतं 'एट-के' लिहिलेलं असेल आणि लेबल नसेल, तर ते छापखान्याचं कर्तृत्व समजा.

सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेने रंग खुलतात, असं दुकानदार सांगतो. मुलाम्याने गंज लागत नाही, एवढं खरं. किनारपट्टीच्या दमट हवेत त्याचा थोडा उपयोगही आहे. पण एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल असतो. केबल कमी पडली की पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र दोन-तीन सेकंद काळं होऊन परत येतं, किंवा सरळ 'नो सिग्नल' दिसतं. रंग फिके आहेत किंवा चेहरे तांबूस दिसतायत म्हणून केबल बदलण्यात पैसे घालवू नका, टीव्हीचा पिक्चर मोड बदला. आणि फोर-के बॉक्स जोडूनही एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) मिळत नसेल, तर त्या सॉकेटचं सेटिंग बघा. सॅमसंगमध्ये ते 'इनपुट सिग्नल प्लस' नावाने असतं, एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'. बऱ्याच टीव्हींत ते सुरुवातीला बंदच असतं.

भिंतीत केबल टाकणाऱ्यांसाठी

फ्लॅटचं इंटिरिअर चालू असताना इलेक्ट्रिशियन टीव्हीच्या पॅनेलमागे पाऊण इंची पाइप टाकून मोकळा होतो. रंग झाल्यावर कळतं की त्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं जातच नाही. दीड-दोन इंची पाइप मागून घ्या, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड लावायला सांगा आणि आत एक दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे केबल बदलायची वेळ आली तर ओढून घेता येईल. विजेच्या वायरींचा पाइप वेगळा ठेवा.

लांबीही आधीच मोजा. तांब्याच्या साध्या केबलमधून १८ गिगाबिट साधारण पाच मीटरपर्यंत भरवशाने जातात. त्यापुढे, म्हणजे प्रोजेक्टर छताला आणि बॉक्स समोरच्या भिंतीला असेल तर, ऑप्टिकल फायबरवाली एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. उलटी टाकली तर काहीच दिसत नाही. म्हणून भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, चित्र आणि आवाज बघून घ्या. पीओपी झाल्यावर हे करता येत नाही.

साउंडबारच्या बहुतेक तक्रारी मात्र किरकोळ निघतात. बारची एचडीएमआय केबल टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणाऱ्या, सॉकेटमध्येच लागते, शेजारच्यात लावली तर बार मुका राहतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, तीही चालू करावी लागते (कंपन्यांनी तिला आपापली नावं दिलीत). जुन्या टीव्हीत एआरसी नसेल तर फक्त आवाज नेणारी ऑप्टिकल वायर चालेल. तिच्या टोकांवरच्या पारदर्शक टोप्या काढल्यात ना, ते बघा. डॉल्बी अॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरून आल्यासारखा वाटणारा आवाज) मात्र त्या वायरीतून मिळणार नाही.

लॅपटॉप किंवा मोबाइल टीव्हीला जोडताना टाइप-सी फसवतं. भोक सगळ्यांचं सारखं दिसतं, पण चित्र बाहेर पाठवण्याची सोय सगळ्यांत नसते. लॅपटॉपच्या भोकाशेजारी थंडरबोल्टची (कोसळत्या विजेच्या आकाराची) किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर काम होईल. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ही सोय नसते. अडॅप्टर घेण्याआधी फोनची माहिती वाचा, नसेल तर वायफायवरून कास्ट करा.

स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर चालवायचा मोह होतो. त्या सॉकेटमधून अनेकदा अर्धाच अँपिअर मिळतो आणि स्टिकला साधारण एक लागतो. सिनेमा रंगात आला की स्टिक आपोआप रीस्टार्ट होते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीतल्या प्लगलाच लावा.

डिशची वायर

पावसाळ्यात गच्चीवरच्या छत्रीची वायर हा वेगळाच विषय. इथे ७५ ओहमची आरजी-६ वायर लागते. सीसीटीव्हीची उरलेली पातळ वायर वापरली तर वाटेतच सिग्नल गळतो. तुकडे पिळून वर टेप गुंडाळायची पद्धत सगळीकडे दिसते, पण पाणी त्यातूनच आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. मग एक विचित्र लक्षण दिसतं: निम्मे चॅनेल स्वच्छ आणि निम्मे गायब. कारण बॉक्स याच वायरीतून छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) कधी १३ तर कधी १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून कुठल्या गटातले चॅनेल घ्यायचे ते ठरतं. सांधा गंजला की व्होल्ट कमी पोहोचतात आणि एक गट गळतो. टेपचा सांधा कापून तिथे स्क्रूचे कनेक्टर लावून घ्या. वायर खिडकीतून आत येण्याआधी खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. आणि स्क्रू सोडवण्याआधी बॉक्सचा प्लग काढा, त्या वायरीत वीज असते.

प्लग काढायची सवय एचडीएमआयलाही लावा. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या बॉक्सला हात लावला की कधी कधी बोटांना मुंग्या येतात. तो गळता विद्युतदाब असतो आणि चालू टीव्हीत केबल खोचताना त्याने सॉकेट जळू शकतं. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी बाहेर जाणार असाल, तर विजा सुरू होण्याआधीच डिशची वायर बॉक्समधून आणि बॉक्सचा प्लग भिंतीतून काढून ठेवा.