शेतकऱ्याचा ‘ऱ्या’ आणि सूर्याचा ‘र्या’

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी. ‘चर्या’ चेहऱ्यावर दिसते, ‘चऱ्या’ शेतात खणतात. म्हणजे ‘ऱ्या’तला र ही रफाराची वेगळी नक्षी नव्हे, त्याने अर्थ बदलतो. तरीही मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर तो सर्रास चुकतो, आणि ‘शेतकर्यांना मदत’ असे मथळे रोज दिसतात.

आधी कान लावा. रफार असला की मागच्या अक्षरावर आघात येतो. ‘दर्या’ म्हणताना जीभ ‘द’वर जोर देऊन र वर थांबते. ‘दऱ्या’त ‘द’ हलका सुटतो आणि र पुढच्या ‘या’त मिसळतो. कवितेची मात्रा मोजणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते: ‘दर्या’तला द गुरू, ‘दऱ्या’तला द लघू.

कानावर भरवसा नसेल तर मूळ शब्द पाहा. ही कसोटी क्वचितच फसते. मूळ शब्दात री, रा असा स्वरासह पूर्ण र असेल आणि अनेकवचन करताना किंवा प्रत्यय लावताना य आला असेल, तर ‘ऱ्या’. भाकरी–भाकऱ्या, नोकरी–नोकऱ्या, वारा–वाऱ्याने, किनारा–किनाऱ्यावर, सातारा–साताऱ्याला, वारकरी–वारकऱ्यांची, अधिकारी–अधिकाऱ्यांनी, दुसरा–दुसऱ्या, करणारा–करणाऱ्यांना. मुळातच र आणि य जोडलेले असतील तर रफार: कार्य–कार्याला, सूर्य–सूर्याचा, धैर्य–धैर्याने, आचार्य–आचार्यांना, तसेच पर्याय, मर्यादा, पर्यंत. हे बहुतेक संस्कृतातून आलेले शब्द आहेत. ‘दर्या’ फारसी आहे, पण त्यातही जोडाक्षर मूळचेच, म्हणून नियम तोच.

‘चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव’ यांना ही कसोटी लावता येत नाही, ते लक्षात ठेवावेत. त्यांच्या शेजारचा ‘त्र्याहत्तर’ मात्र निराळा, तिथे र त ला जोडलेला आहे.

ह च्या आधीही हाच र येतो आणि तिथे प्रत्ययाचा संबंध नसतो: कुऱ्हाड, गुऱ्हाळ, बिऱ्हाड, वऱ्हाड, चऱ्हाट, गाऱ्हाणे, तऱ्हा, कऱ्हा नदी, ऱ्हास, ऱ्हस्व. ‘अर्ह’ आणि ‘अर्हता’ यांच्यावर मात्र रफार. ‘तर्हेवाईक’ आणि ‘वर्हाडी’ ही रूपे चूक आहेत.

आता टाइप करण्याचे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेले, क्रमांक ०९३१. ऱ, मग हलन्त म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, मग य किंवा ह असा क्रम दिला की नुक्ता नाहीसा होऊन चंद्रकोरीसारखा र दिसतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळफलकावर र ‘जे’ च्या कळीवर आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. पुढे हलन्तासाठी ‘डी’, य साठी तिरप्या रेघेची कळ, काना हवा असेल तर ‘ई’. ह साठी ‘यू’. मोबाइलच्या बऱ्याच मराठी कळफलकांवर र दाबून धरला की ऱ वर येतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहीत असाल तर सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीतून ‘ऱ्या’ असलेला शब्दच निवडा. पहिला पर्याय अनेकदा रफाराचा असतो आणि घाईत तोच उमटतो. मोबाइलच्या वैयक्तिक शब्दकोशात ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ यांना एकेक लघुरूप देऊन ठेवले की रोजचा त्रास संपतो. कॉम्प्युटरवर वर्डमध्ये काम करत असाल तर इंग्रजी आकड्यांत ०९३१ लिहून ऑल्ट आणि एक्स दाबावे, ऱ हजर.

टाइप केल्यावर नुक्ता आणि हलन्त सुटे दिसले तर मजकूर पुसू नका. दोष फॉन्टचा असतो, फॉन्ट बदलून पाहा.

दिसायला हुबेहूब असाच र दुसऱ्या रीतीनेही तयार होतो: साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. नेपाळीतही हा र आहे आणि तिथे हीच रीत रूढ आहे. मराठीत ती टाळावी. एक तर अदृश्य चिन्हे गाळणाऱ्या फॉर्ममधून मजकूर गेला की जोडचिन्ह निघून जाते आणि ‘शेतकऱ्या’चा ‘शेतकर्या’ होतो. दुसरे, एकाच मजकुरात दोन्ही रीती मिसळल्या की शोध फसतो. डोळ्यांना दोन्ही ‘वाऱ्या’ सारखे दिसतात, पण सापडतो एकच.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे हायफन: ‘शेतक-यांना’. आकार जवळचा दिसतो, म्हणून तो कचेऱ्यांच्या पत्रकांतही शिरला आहे. ओळ तिथेच मोडते, एका ओळीत ‘शेतक-’ आणि पुढच्या ओळीत ‘यांना’ येते. मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही त्याचे दोन तुकडे करू शकते. अंध वाचकाला ‘शेतक यांना’ ऐकावे लागणे ही छोटी गोष्ट नाही.

जुना मजकूर दुरुस्त करताना सरसकट बदल करू नका. ‘र्या’च्या जागी सगळीकडे ‘ऱ्या’ घातला तर ‘कार्यालय’चे ‘काऱ्यालय’ होते. ‘णार्या’ आणि ‘दुसर्या’, ‘तिसर्या’ यांवर मात्र निर्धास्तपणे एकदम बदल चालवा. ‘चार्या’ शोधताना प्रत्येक ठिकाणी थांबा, कारण तिथे कर्मचारीही असतात आणि आचार्यही. ‘कर्या’लाही थांबा, कारण ‘कर्यात’ हा गावांच्या समूहासाठीचा जुना शब्द बरोबर आहे. हायफनसाठी ‘-या’ आणि ‘-हा’, ‘-हे’ असे शोधून एकेक पाहत जा, कारण खरे हायफनही त्यात सापडतील.

जोडचिन्हाची रूपे बदलताना आधी एक चाचणी घ्या. मजकुरातून तसला एक र उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि काय काय सापडते ते पाहा. काही प्रोग्राम शोधताना अदृश्य चिन्ह धरतच नाहीत. निकालांत ‘कार्यालय’ किंवा ‘सूर्य’ दिसला तर तुमचा प्रोग्राम त्यातलाच आहे. अशा वेळी ‘सगळे बदला’चे बटण दाबू नका, दुसऱ्या एडिटरमध्ये तीच चाचणी पुन्हा घ्या.