झोपेसाठी चॅटबॉटची मदत कशी घ्यावी: निद्रानाशाच्या थेरपीच्या पायऱ्या

माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे. एका खोलीत चौघं, प्रत्येकाच्या वाट्याला एक लोखंडी कॉट आणि कपाटातला एक कप्पा. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "मावशी, अकराला आडवा होतो, पण एक वाजला तरी टक्क जागा असतो." पडल्या पडल्या तो चॅटबॉटला विचारायचा, झोप येण्यासाठी काय करू? बॉट कोमट दूध, दीर्घ श्वास, मंद संगीत अशी यादी द्यायचा. त्याच्याशी बोलण्यात आणखी तासभर जायचा.

जुना निद्रानाश अशा यादीने जात नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणारी थेरपी. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच द्यावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ सालीच सांगितलंय. ती संगणकावरूनही देता येते. ब्रिटनच्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर तसा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांचा निद्रानाश कमी झालाच, शिवाय मनातला संशय आणि भास यांचंही प्रमाण उतरलं.

पण तो तज्ज्ञांनी बांधून दिलेला कार्यक्रम होता. आपल्या फोनमधला साधा चॅटबॉट तसा नसतो. तुम्ही जिकडे वळवाल तिकडे तो वळतो. म्हणून थेरपीचे नियम आपण आणायचे आणि बॉटला हिशेबनीस म्हणून बसवायचं. या पद्धतीने भाच्याला गुण आला, म्हणून पायऱ्या सविस्तर लिहिते.

सुरुवातीआधी

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने किंवा जास्त काळ, झोपायला पुरेसा वेळ असूनही झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल आणि दिवसा त्याचा त्रास होत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. सुट्टीत पहाटे तीनला झोपून अकरापर्यंत गाढ झोप लागते का? मग तुमचं शरीराचं घड्याळ पुढे सरकलेलं असू शकतं. विशीत हे फार आढळतं आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

बायपोलर आजार, फिट येणं, झोपेत चालणं, घोरताना श्वास अडकणं किंवा गरोदरपण असेल तर पुढची तिसरी पायरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. रोज लांबच्या अंतरावर गाडी चालवणाऱ्यांनी आणि यंत्रावर काम करणाऱ्यांनीही नाही. झोपेची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.

पहिली पायरी: सात दिवसांची नोंद

उठल्यावर अर्ध्या तासात बॉटला पाच गोष्टी सांगायच्या: अंथरुणात किती वाजता गेलो, झोप लागायला साधारण किती वेळ गेला, मध्ये एकूण किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरुणातून कधी उठलो. अंदाज पुरे. रात्री घड्याळ पाहायचं नाही, कारण "दोन वाजले, आता चारच तास उरले" या हिशेबानेच झोप उडते.

बॉटला पहिल्या दिवशी असं लिहा: "मी सीबीटी-आय पद्धतीने झोप सुधारतोय. रोज सकाळी मला हे पाच प्रश्न एकेक करून विचार, तक्ता ठेव आणि मी मागेपर्यंत सल्ला देऊ नकोस." सगळं एकाच संभाषणात ठेवा, नाहीतर तक्ता तुटतो. खरं नाव, कॉलेज, रूममेटच्या गोष्टी लिहू नका. झोपेच्या हिशेबाला त्यांची गरज नाही.

दुसरी पायरी: टक्केवारी

भाचा सरासरी अकराला आडवा व्हायचा आणि आठला उठायचा, म्हणजे नऊ तास. त्यातले सव्वादोन तास झोप लागण्यात, पाऊण तास मधल्या जागेपणात आणि अर्धा तास सकाळी नुसतं लोळण्यात जायचा. उरली साडेपाच तास झोप. ३३० मिनिटांना ५४० ने भागून १०० ने गुणलं की ६१ टक्के येतात, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी खऱ्या झोपेचा वाटा. चांगल्या झोपेत हा आकडा ८५ च्या पुढे असतो.

हा हिशेब एकदा हाताने करून पाहाच. रात्री बारा ओलांडताना बॉट चुकू शकतो. भाच्याच्या बॉटने एकदा अकरा ते आठ हे अकरा तास धरले होते.

तिसरी पायरी: वेळ आवळणं

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गुणकारी पायरी हीच. मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८७ मध्ये मांडली. जेवढी झोप खरोखर लागते, तेवढाच वेळ अंथरुणात राहायचं. पाच तासांच्या खाली मात्र जायचं नाही. भाच्याने उठायची वेळ सातला पक्की केली, रविवारीसुद्धा. म्हणून झोपायची वेळ आली रात्री दीड. दिवसा डुलकी बंद.

पहिला आठवडा जड जातो. डोळे चुरचुरतात, चिडचिड होते. त्या दिवसांत दुचाकी चालवू नका, बसने जा. महत्त्वाची परीक्षा तोंडावर असताना हे सुरूच करू नका.

आणि बॉटचा खरा दोष इथेच दिसतो. तिसऱ्या दिवशी भाच्याने लिहिलं, "फार थकलोय, आज साडेदहाला झोपू का?" बॉट म्हणाला, "नक्की, शरीराचं ऐका." आठवड्याची मेहनत त्या एका होकाराने वाया गेली असती. मग आम्ही त्याला बजावलं: "मी लवकर झोपायची परवानगी मागितली तर देऊ नकोस, ठरलेली वेळ आठवून दे. पण गाडी चालवताना डुलकी लागली किंवा मन फार खचलं असं लिहिलं, तर हे थांबवून डॉक्टरकडे जायला सांग."

दर आठवड्याला टक्केवारी काढायची. ८५ च्या वर गेली तर अंथरुणातली पंधरा मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तसंच, खाली असेल तर पंधरा मिनिटं कमी. भाच्याची दुसऱ्या आठवड्यात ८८ झाली आणि झोपायची वेळ सव्वाला आली.

चौथी पायरी: अंथरूण फक्त झोपेसाठी

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये हा नियम सांगितला. झोप आल्यावरच आडवं व्हायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत लागली नाही तर उठून बाहेर यायचं. पण कॉट बेसिसवर राहणारा पोरगा उठून जाणार कुठे? त्याचा अभ्यास, डबा, फोन सगळं त्याच कॉटवर. आम्ही तोडगा काढला तो गादीचा. सकाळी गादी गुंडाळून भिंतीला लावायची. मग कॉट म्हणजे नुसता बाक. झोपायची वेळ झाली की गादी पसरायची, तेव्हा ते अंथरूण. अभ्यास अभ्यासिकेत. रात्री उठावं लागलं तर गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची, एक जुना दिवाळी अंक आणि मंद दिवा. फोन कपाटाच्या कप्प्यात. उठायच्या गजरासाठी साधं घड्याळ घेतलं. रात्रीच्या वेळी बॉट उघडायचा नाही, हा नियम त्याने एकदाही मोडला नाही.

पाचवी पायरी: काळजीची वेळ

संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं. "आज झोप नाही लागली तर परीक्षा गेली" असा जो विचार रात्री छळतो, तो बॉटला लिहायचा आणि सांगायचं, "दिलासा देऊ नकोस, प्रश्न विचार." याआधी कमी झोपेत पेपर दिलायस का? तेव्हा खरोखर काय झालं? भाच्याला आठवलं, बारावीचा गणिताचा पेपर त्याने चार तासांच्या झोपेवर दिला होता आणि तो बरा गेला होता. हे उत्तर त्याचं स्वतःचं होतं, म्हणून टिकलं.

चहा-कॉफी दुपारनंतर टाळा. त्यातलं अर्धं कॅफीन शरीराबाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात.

सहा-आठ आठवडे नेमाने करूनही फरक नसेल तर नोंदींचा तक्ता छापून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र बॉटला काहीही लिहीत बसू नका. १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर भाच्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, चौघांनाही दिसेल असा.